लिहून द्या

आजीचं माहेर पोयनाडच्या बाजूचं, अलिबाग तालुक्यातलं. तिकडे खोत होता. भात झोडून रास झाली की खोताचा माणूस खळ्यावर येऊन बसायचा आणि त्याचा वाटा आधी निघायचा. वर वेठबिगार, सणावाराची भेट, कोंबडी, भाजी. आजी म्हणायची, "भात नेला त्याचं येवढं दुख नव्हतं गं. पावती देत नव्हता." पावती नाही म्हणजे यंदा दिलेलं पुढच्या साली पुन्हा मागता येतं. आणि ज्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या घाम जिरवला, तिच्यावर कुळाचं नाव कुठल्याच कागदात नाही.

१९३३ साली त्याच तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नांगर खाली ठेवले. नारायण नागू पाटील पुढे होते. पंचवीस गावांनी सहा वर्षं खोताची जमीन कसली नाही. आजी तेव्हा लहान होती. तिच्या आठवणीत त्या वर्षांचं वर्णन खाण्यापुरतं उरलं होतं: डोंगरातली लाकडं विकून आणलेले तांदूळ, करवंदं, उकडलेले कंद. माणसं वाकली नाहीत. पण त्यांच्या हाती पावती पडायला कायदा लागला. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले. ते विधेयक त्या रूपात संमत झालं नाही. तरी १९३९ला कुळांना आधार देणारा कायदा आला आणि १९४९ला खोती मोडणारा. सभागृहात कोणीतरी उभं राहून "हे लिहून ठेवा" म्हटलं, म्हणून आजीच्या भावांची नावं सातबाऱ्यावर आली.

आजा मात्र उरण तालुक्यातला, आमच्या गावचाच. त्याची गोष्ट चिरनेरची. २५ सप्टेंबर १९३०ला तिथल्या जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत गावकऱ्यांबरोबर मामलेदार केशव महादेव जोशी होते. जुनी माणसं सांगत आली आहेत की जोशींनी गोळीबाराला हरकत घेतली होती. सत्याग्रहींची नावं आजा हात जोडून घ्यायचा, आणि शेवटी जोशींचं नाव त्याच आवाजात घ्यायचा. सरकारी खुर्चीवरचा माणूस लोकांच्या बाजूला उभा राहू शकतो, हे त्याने आम्हाला शाळेत जायच्या आधी शिकवलं. पुढे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवताना आमच्या घरात "सगळे सारखेच" हे वाक्य कधी निघालं नाही, त्याचं कारण मला तिथे दिसतं.

१९७०च्या मार्चमध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. मुंबईवरचा भार हलका करायला खाडीपलीकडे नवं शहर हवं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडली होती. कल्पना मोठी होती. ती ज्या जमिनीवर उतरायची होती तिथे पंचाण्णव गावं होती, भातखाचरं होती, मिठागरं होती, खाजणात मासेमारी होती. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली नोटिसा आल्या. गावातले बहुतेक जण अंगठेबहाद्दर. नोटीस चावडीवर चिकटवली की कायद्याचं काम झालं.

आमच्या गावचा तलाठी तेवढ्यावर थांबला नाही. तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा, एकेक नोटीस दोनदोनदा वाचायचा, हरकत कधीपर्यंत घ्यायची ते सांगायचा. वारसांमध्ये बहिणींची नावंही लिहा, हे त्याने आज्याला बजावलं होतं. त्याने कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही असं आतू सांगते, आणि तिचं त्याच्यावर आजही प्रेम आहे, कारण तिचं नाव यादीत राहिलं ते त्याच्यामुळे. पण त्याची बदली झाली. नंतर मोबदल्याचा चेक घ्यायला आतू एका कचेरीत गेली, तेव्हा टेबलामागच्या माणसाने फाईल सापडत नाही म्हणून सांगितलं. बाहेर उभ्या दलालाला ती कुठे आहे हे ठाऊक होतं. फाईलीवर वजन ठेवल्यावर ती सापडली. कायदा एकच, जमीन एकच. मधल्या काळात एक माणूस बदलला होता, एवढंच. भल्या तलाठ्याने जे केलं ते त्याच्या स्वभावातून आलं होतं. तसंच करायला पुढच्या माणसाला बांधून घालणारी एकही ओळ कुठे लिहिलेली नव्हती.

या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील जासईचे. वकील, पनवेलचे अनेक वर्षांचे आमदार, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, पुढे कुलाब्याचे खासदार. मोर्चातले दि. बा. सगळ्यांना माहीत आहेत. काकाला आठवतात ते सभेत कायद्याचं पुस्तक उघडून कलम वाचणारे आणि मग आगरीत समजावणारे दि. बा. काका एका सरकारी खात्यात शिपाई होता, म्हणून त्याने दुसरी बाजूही आतून पाहिली. तो सांगतो, विधानसभेत तारांकित प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून तलाठ्यापर्यंत निरोप सुटायचे. "एल.ए.क्यू. आलाय" म्हटलं की कपाटाखाली गेलेल्या फायली वर यायच्या, साहेब रात्री उशिरापर्यंत थांबायचे. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायचं असतं आणि ते छापलं जातं. छापलेलं खोटं ठरलं तर कोणाची तरी मान अडकते. आमदाराच्या हाती एवढं धारदार हत्यार असतं, आणि तरी मतदार त्याच्याकडे मागतो काय, तर बदलीची चिठ्ठी, गटाराचं झाकण, मुलाला नोकरी.

हे हत्यार विकायलाही काढता येतं. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल २००५च्या डिसेंबरात संसदेने अकरा खासदारांना घालवलं. तो दिवस मला संसदेच्या चांगल्या दिवसांपैकी वाटतो, कारण सभागृहाने आपल्याच माणसांवर हात टाकला.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धचं आंदोलन. दास्तान फाटा, मग नवघर. दोन दिवसांत पाच माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. आमच्या घरात या दोन दिवसांबद्दल फार बोललं जात नाही. आई अजूनही त्या महिन्यात नवी साडी नेसत नाही. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं: जेवढी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. शासन निर्णय १९९० आणि १९९४चे. पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात, हाती येतात पावणेनऊ. तरीही विकासात जमीनमालकाचा वाटा असतो, हे देशात मानलं जाण्याच्या कितीतरी आधी इथे मानलं गेलं. २०१३च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात शहरीकरणासाठी जमीन घेतली तर वीस टक्के विकसित जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के देऊ केले गेले. आणि त्या विमानतळाशी आज दि. बां.चंच नाव जोडलेलं आहे.

पण हक्क लिहिला गेला तेव्हा तो कोणत्या क्रमाने, किती दिवसांत आणि कुठे द्यायचा, हे तितक्या काटेकोरपणे लिहिलं गेलं नाही. स्टेशनजवळचा भूखंड आणि टेकडीमागचा भूखंड कागदावर सारखेच, बाजारात त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर. कोणाची फाईल आधी पात्र ठरते, कोणाच्या वारस दाखल्यात खोट निघते, हे ठरवणाऱ्या हाताची किंमत त्या अंतराएवढी होते. भेगेत पाणी मुरावं तसा पैसा तिथे मुरला. अॅडव्हान्स देऊन म्हाताऱ्यांचे अंगठे घेणारे एजंट गावोगाव आले. आमच्या कुटुंबातल्या एका वारस दाखल्यासाठी "साहेबांना बघावं लागेल" हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. लाच घेणाऱ्याला सापळा लावून पकडलंच पाहिजे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, १०६४ हा त्यांचा क्रमांक आहे. पण सापळ्यात एक माणूस सापडतो आणि भेग तशीच राहते. ती बुजवणं हे कायदा करणाऱ्याचं आणि कचेरी चालवणाऱ्याचं काम.

त्याच १९८४ सालच्या १६ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. रामदास नायक यांनी आमच्याच रायगडचे माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध दाखल केलेलं प्रकरण. आमदार हा दंड संहितेच्या व्याख्येत लोकसेवक बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अंतुल्यांवरचा खटला शिक्षेपर्यंत गेला नाही, आणि माझा मुद्दा त्यांच्याविषयी नाहीच. मला लागतं ते हे, की तोवर आपल्या कायद्याने तलाठ्याला लोकसेवक म्हटलं होतं आणि आमदाराला नाही. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने व्याख्या रुंदावली, १९९८ला न्यायालयाने तिच्यात लोकप्रतिनिधी येतात हे मान्य केलं, आणि २०२४च्या मार्चमध्ये सात न्यायमूर्तींनी सांगितलं की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर विशेषाधिकाराची ढाल मिळणार नाही. चाळीस वर्षं लागली.

अधिकाऱ्यांनी काय करता येतं हेही महाराष्ट्रात करून दाखवलं गेलं आहे. अनिल लखीनांनी १९८०च्या दशकात अहमदनगरची जिल्हाधिकारी कचेरी उलगडून पुन्हा मांडली, कागदांची वर्गवारी केली, आलेल्या माणसाला कुठल्या टेबलावर जायचं ते कळेल असं केलं. महेश झगडे पुण्याचे आयुक्त असताना २००९ला त्यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेच्या फायली नागरिकांना पाहायला खुल्या केल्या. झगडे गेले, सोमवार राहिला, कारण तो लेखी होता. २०१८ला राज्य शासनाने परिपत्रक काढून जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांना तोच सोमवार लावून दिला.

नवी मुंबईत तुकाराम मुंढे २०१६च्या मेमध्ये महापालिका आयुक्त म्हणून आले. सकाळी नागरिकांबरोबर चालत तक्रारी ऐकायचे, बेकायदा बांधकामांवर कारवाई करायचे. ऑक्टोबरात सभागृहाने १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास आणला, मार्च २०१७मध्ये त्यांची बदली झाली. त्यांच्या पद्धतीबद्दल मतभेद होते आणि निवडून आलेल्या सभागृहाला नापसंती दाखवायचा अधिकार असलाच पाहिजे. पण २००५च्या बदल्यांच्या कायद्यात अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा लिहिला आहे, तो कायदा आपल्याच विधिमंडळाने केला आहे. त्यातच कर्मचाऱ्याने फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असंही आहे. आतूच्या वेळी हे लिहिलेलं असतं तर! पुढे २०२०च्या मेमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात आयुक्ताला सभागृहात उभं करून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं, याचं मला अविश्वासाच्या ठरावापेक्षा जास्त वाईट वाटतं.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भाचेजावई आता सरकारी नोकरीत आहे. त्याला वरून तोंडी सांगितलं जातं, "एवढं करून टाका." काकाने त्याला एकच शिकवलं आहे: "साहेब, लिहून द्या." २०१३ला टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही अधिकाऱ्यांना सांगितलं की तोंडी आदेश नोंदवून घ्या. लिहून मागणाऱ्याला त्रास होतो, आडवळणी जागी पाठवलं जातं. त्याच्या पाठीशी उभं राहणारा एक आमदार असला तर तसं होत नाही. सभागृहात आवाज उठला की सरकार हलतं, हेही दिसलं आहे: २०१८च्या पावसाळी अधिवेशनात खारघरजवळची कोयना प्रकल्पग्रस्तांना दिलेली २४ एकर जमीन लगोलग बिल्डरकडे गेल्याचा आरोप विरोधकांनी लावून धरला, तेव्हा सरकारला व्यवहार थांबवून चौकशी जाहीर करावी लागली.

माझी मागणी मी गावच्या बैठकीत मांडली आहे आणि इथेही मांडते. साडेबारा टक्क्यांची जी प्रकरणं अजून लोंबकळत आहेत, त्यांची यादी गाववार लागावी: सर्व्हे नंबर, अर्जाची तारीख, फाईल आज कोणत्या टेबलावर आहे, आणि अडली असेल तर कशासाठी. लोकसेवा हक्क कायदा २०१५पासून आहे. दिरंगाई करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड त्यात लिहिला आहे, तो वारस दाखल्यापासून भूखंडाच्या वाटपापर्यंत प्रत्येक पायरीला मुदत घालून लागू व्हावा. आणि उरण, पनवेल, बेलापूर, ऐरोलीच्या आमदारांनी ही यादी रिकामी होईपर्यंत दर अधिवेशनात तारांकित प्रश्न लावावा. यादी लावायला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकाराचं कलम ४ हे २००५पासून सांगतं आहे की कचेरीने आपली माहिती कोणी मागायच्या आधी स्वतःहून लोकांपुढे ठेवावी.