कोर्लईची बोली आणि रिओचे गाणे

ब्राझीलचे संगीत व तेथील नगरजीवन यांविषयी विद्यापीठांतून जे कार्यक्रम होतात, त्यांचा साचा बहुतेक ठरून गेलेला असतो. ‘ऑर्फेउ नेग्रो’ हा १९५९ सालचा चित्रपट दाखविला जातो, बोसा नोव्हाच्या ध्वनिमुद्रिका ऐकविल्या जातात, आणि सांबा व कार्निव्हल यांवर एखादे व्याख्यान होते. अशाच एका कार्यक्रमानंतर एका विद्यार्थ्याने मला विचारले की, मराठीच्या अभ्यासकाने याकडे का वळावे? त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी आहे, असे मला आता वाटते.

पेद्रु आल्व्हारिश काब्राल याचे आरमार १५०० च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यास लागले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचले. म्हणजे पोर्तुगीजांच्या दृष्टीने ते दोन किनारे एकाच प्रवासातील दोन मुक्काम होते. ही गोष्ट आपल्या बाजारपेठेतही दिसते. काजू व अननस ही फळे आणि त्यांची नावे मुळात ब्राझीलच्या तुपी लोकांची. ती पोर्तुगीजांच्या मुखाने आपल्याकडे आली. उलट दिशेने आंबा आणि फणस तिकडे गेले. फणसाचे तिकडील नाव ‘जाका’ हे मलयाळममधील ‘चक्का’चे रूप होय. शब्दांचा हा व्यापार सर्वांस ठाऊक आहे. परंतु शब्द उसने घेणे वेगळे आणि परकी भाषाच आपली करून टाकणे वेगळे.

ही दुसरी गोष्ट कोर्लईस घडली. खाडीच्या उत्तरेस रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. दक्षिणेस कोर्लईचा डोंगर. चौलला पोर्तुगीजांची वखार १५१६ च्या सुमारास व किल्ला १५२१ च्या सुमारास उभा राहिला. १५७०-७१ मधील मुर्तझा निजामशहाचा वेढा त्यांनी परतविला आणि १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगरी किल्लाही निजामशाहीकडून घेतला. वसईच्या पाडावानंतर १७४० च्या तहान्वये ही दोन्ही ठिकाणे मराठ्यांच्या हाती आली. पोर्तुगीज निघून गेले. पण डोंगराच्या पायथ्याशी राहिलेल्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांची भाषा तीच राहिली. धर्मगुरूंचा अपवाद सोडला तर पोर्तुगीज बोलणाऱ्यांशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला. या बोलीस ते ‘नॉ लिंग्’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. तिचे सविस्तर वर्णन जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांच्या १९९६ सालच्या ग्रंथात आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यातील रस असा. पोर्तुगीजमध्ये वाक्याचा क्रम ‘मी गातो गाणे’ असा असतो, आणि ब्राझीलमध्ये तो तसाच राहिला. कोर्लईत क्रियापद शेवटी गेले : ‘मी गाणे गातो’. शब्द पोर्तुगीज, पण त्यांची बैठक मराठी. एवढेच नव्हे, तर मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी या बोलीने उकारान्त असा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला, जो पोर्तुगीजमध्ये मुळीच नाही. आपल्या भाषेने परभाषेचे व्याकरण इतके आतून बदलल्याचे उदाहरण आपल्या एवढ्या जवळ असावे आणि मराठीच्या वर्गात त्याचा उल्लेखही क्वचितच व्हावा, हे मला खटकते.

आता गाण्याकडे येऊ. दमण, दीव, कोची, श्रीलंका आणि कोर्लई येथील गीतपरंपरांचा अभ्यास के. डेव्हिड जॅक्सन यांनी केला. ‘सिंग विदाउट शेम’ हा त्यांचा ग्रंथ १९९० चा. चार ओळींची कडवी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात कशी फिरत राहिली, हे त्यांनी दाखविले. पुढे १९९८ मध्ये लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने निघालेल्या ध्वनिमुद्रिकांच्या मालेत ‘देश्ता बार्रा फोरा’ या नावाच्या तबकडीत दमण, दीव व कोची यांच्या जोडीला कोर्लईचीही गाणी आली. विशेष म्हणजे हेच जॅक्सन ब्राझीलच्या आधुनिक साहित्याचे नामवंत अभ्यासक होत. त्यांना या दोन अभ्यासांत अंतर वाटले नाही. आपल्याला मात्र वाटते. चार ओळींचे लोककडवे ब्राझीलमध्येही जुने आहे. यावरून कोर्लईचे गाणे ब्राझीलहून आले असे कोणी म्हणू नये; आजोळ एक असल्याने नाते सख्खे ठरत नाही.

खरा फरक शहराचा आहे. रिओमध्ये बाहियाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी, विशेषतः तिया सियाता हिच्या घरी जमणाऱ्या बैठकींतून सांबा आकारास आला. ‘पेलू तेलेफोनी’ या गीताची नोंद डोंगा याने १९१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात केली. १९२८ मध्ये एस्तासिओ वस्तीत ‘देइशा फालार’ ही सांबाची पहिली संस्था निघाली. प्रासा ओंझे हा चौक सांबाचे माहेरघर होता. १९४४ मध्ये खुल्या झालेल्या रुंद हमरस्त्यासाठी तो पाडण्यात आला, आणि त्याच्या वियोगाचे सांबागीत त्याआधीच, १९४२ मध्ये, घरोघर गायिले गेले. चौक गेला, पण ध्वनिमुद्रण होते, नभोवाणी होती, उत्सव होता. शहराने पाडले ते शहरानेच जतन केले.

चौलचे तसे झाले नाही. तेथे शहरच ओसरले. रेवदंड्याच्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. गाणे खाडीपलीकडे गेले आणि लग्नघराच्या आधाराने राहिले. नभोवाणी नव्हती, लिपी नव्हती. गाणाऱ्या कंठांखेरीज दुसरे संग्रहालय नव्हते. आता मुले मराठी शाळेत जातात, आणि मराठीचे जे वजन पूर्वी बोलीच्या रचनेवर पडले तेच आता तिच्या अस्तित्वावर पडत आहे. शाळेस दोष देण्यात अर्थ नाही. मुलांना मराठी हवीच.

पुढील ब्राझील-कार्यक्रमात चित्रपटापूर्वी कोर्लईची दोन गाणी ऐकवावीत, अशी माझी विभागास सूचना आहे. तेथील स्त्रियांना व्यासपीठावर आणून बसवावे असे मी म्हणत नाही. लग्नातील गाणे लग्नात शोभते. मात्र ज्यांना मराठी येते अशा दोघातिघा विद्यार्थ्यांनी बोलावणे मिळाल्यास एखाद्या लग्नसराईत कोर्लईस जावे. पोर्तुगीज जाणणाऱ्यास त्या गाण्यातील शब्द कळतील. क्रियापद शेवटी का येऊन थांबते, हे त्यांना अगोदर कळेल.