प्रस्तावना : बुडालेल्या दिवसाचा हिशेब

नव्या औषधाची चर्चा निघाली की शास्त्रज्ञांचे नाव निघते, कंपनीचे निघते; ते औषध आधी घेऊन पाहणाऱ्या माणसांची आठवण क्वचितच होते. ती माणसे चाचणीत कशी येतात, त्यांना काय द्यावे आणि त्यांच्या पदरचे काय खर्च होते, याचा विचार औषध-चाचण्यांच्या अर्थशास्त्राची ही अभ्यासशाखा करते. विषय पैशांचा असला तरी रुक्ष नाही.

वाचकांनी सुरुवात क्युबापासून करावी. १९०० साली हवानाजवळच्या छावणीत अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांचे पथक पीतज्वराचे कारण शोधत होते. प्रयोगासाठी पुढे आलेल्या स्वयंसेवकांशी लेखी करार झाले : सोन्याच्या नाण्यांत १०० डॉलर आणि ताप आलाच तर आणखी १००. जॉन किसिंजर आणि जॉन मोरान या दोघा अमेरिकनांनी मात्र पैसे नाकारले. पहिले शंभर वेळेचे म्हणता येतील. पण दुसरे शंभर कशाचे? भरपाई की जोखमीची किंमत? हा प्रश्न नीट समजला, की तुम्ही या विषयाच्या उंबरठ्याच्या आत आलात.

भारतात आज वेळेचा मोबदला आणि इजेची भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, मात्र ती रक्कम प्रलोभन ठरू नये, हे नैतिकता समिती पाहते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत आहे. सहभागासाठीची रक्कम फार मोठी असेल तर गरजू माणूस धोक्याकडे डोळेझाक करतो. फार तुटपुंजी असेल तर चाचणीचा भार त्याच्याच खिशावर पडतो. माणसे वेळेत मिळाली नाहीत तर चाचणी लांबते, खर्च चढतो आणि औषधाची वाट पाहणारा रुग्ण ताटकळतो.

आता जवळचे उदाहरण घ्या. रोटाव्हायरसवरील भारतीय लशीच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू येथील ६,७९९ बाळे होती. आकडा वाचून पुढे जाऊ नका. बाळ एकटे केंद्रावर येत नाही. त्याला कडेवर घेऊन कुणीतरी येते, आणि शेतावर जाणाऱ्या आईचा तो दिवस बुडतो.

म्हणून नवख्या वाचकाला एकच विनंती. एखाद्या चाचणीचे संमतीपत्र हाती आले, तर खर्च आणि भरपाईचा परिच्छेद आधी वाचा आणि त्या आईच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. पुढची सारी सूत्रे त्यानंतर सोपी वाटतील.