हुकूमनाम्यानंतरही

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. शाळेच्या पुस्तकात हा दख्खनचा उठाव दोन ओळींत संपतो. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जमावाला मुख्यतः कागद हवे होते, कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तिथे सहसा मारहाण झाली नाही.

कागदांवर एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. मग सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, नाहीतर दावा लावी. शेतकरी तारखेला हजर नसे. कधी समन्स पोचत नसे, कधी कोर्ट गाठण्याची ऐपत नसे. निकाल एकतर्फी लागे आणि जमीन, राहते घर लिलावात जाई.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत आणला. त्यातली मेख अशी की, आधीच लागलेल्या निकालांनाही तो लागू होता. जुन्या हुकूमनाम्याचे हप्ते पाडून मिळत. गहाण नसलेली स्थावर मिळकत विकता येत नसे. कनिष्ठ कोर्टाचा निकाल योग्य आहे का, हे जिल्हा न्यायाधीश तपासू शकत.

पळवाटही निघाली. सावकार जमीन गहाण किंवा थेट खरेदीखत मागू लागले. पुढे खरेदीखतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांना द्यावा लागला.

आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही दार उघडे आहे. समन्स नीट बजावले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते, हे दाखवले तर ऑर्डर ९, नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो. मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलेच नसेल, तर निकाल कळल्या दिवसापासून. कोर्टाच्या लिलावानंतरही ६० दिवसांत ठरलेली रक्कम आणि लिलावाच्या किमतीच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते.

सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो उलटवण्याची वाट त्याला दिसत नव्हती. आज वाट आहे, पण दारावर नोटीस लागल्यावर घाबरून घरात बसणाऱ्याचे ३० दिवस तसेच निघून जातात.