पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी आठवड्याला १६० किलोमीटर

२ सप्टेंबर १९६०, रोम ऑलिंपिक. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत विश्वविक्रमवीर रॉजर मोएन्स अखेरच्या टप्प्यात आघाडीवर होता. इतक्यात आतल्या बाजूने न्यूझीलंडचा एकवीस वर्षांचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला पीटर स्नेल पुढे सरकला आणि १ मिनिट ४६.३ सेकंदांत जिंकला. त्याच दुपारी त्याचा सहकारी मरे हॅल्बर्ग याने ५,००० मीटरचे सुवर्णपदक पटकावले. दोघांचे गुरू एकच : आर्थर लिडियार्ड, एकेकाळी बुटांच्या कारखान्यात राबलेले.

तोवर युरोपचा भर तीव्रतेवर होता. ठरावीक अंतर जोरात धावायचे, थोडा विसावा, पुन्हा तेच. वोल्डेमार गेर्शलर यांच्या या शिस्तीत घडलेल्या रुडॉल्फ हार्बिगचा १९३९ चा ८०० मीटरचा विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला. रॉजर बॅनिस्टरने तर वैद्यकीचे शिक्षण सांभाळून, थोडेच पण जोरकस धावून १९५४ मध्ये चार मिनिटांच्या आत मैल गाठला. एमिल झाटोपेक मात्र कोणत्याच चौकटीत मावत नाही. त्याने जोरकस फेऱ्यांचीच संख्या अफाट वाढवली.

लिडियार्ड यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले आणि आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हे प्रमाण ठरवले. स्नेललाही त्यातून सूट नव्हती. ऑकलंडलगतच्या वाइटाकेरे डोंगरांतील ३५ किलोमीटरची फेरी त्याच्याही वाट्याला आली. वरकरणी हा वेडेपणाच! पण ८०० मीटरमध्येही निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने मिळते, आणि ती क्षमता दीर्घ धावण्याने वाढते.

पुढे अनेकांनी याचा अर्थ ‘रमतगमत भरपूर धावा’ असा लावला. तो सपशेल चुकीचा आहे. लिडियार्ड यांचे लांब धावणे बऱ्यापैकी वेगाचे असे; त्यानंतर चढावरील सरावाचे आठवडे येत आणि स्पर्धेच्या तोंडावर ट्रॅकवरील जोरकस फेऱ्या. तीव्रता त्यांनी नाकारली नव्हती, तिची वेळ ठरवली होती.

जानेवारी १९६२ च्या अखेरीस स्नेलने वांगानुई येथे गवताच्या ट्रॅकवर मैलाचा विश्वविक्रम केला (३:५४.४), आणि आठवडाभरात क्राइस्टचर्चला ८०० मीटरचा (१:४४.३). त्याच्या काही आठवडे आधी तो पूर्ण मॅरेथॉन धावला होता, सुमारे २ तास ४१ मिनिटांत.