टायर आतूनच का झिजतो?

बेलव्ह्यूच्या पावसात ब्रेक मारला नि आमची स्पोर्ट्स कार सरकली. टायर बाहेरून ठणठणीत, आतल्या कडेला मात्र तारा उघड्या! शोधता शोधता पोचलो घोडागाडीपर्यंत. वळताना आतलं चाक जास्त वळलं नाही तर फरफटतं. म्युनिकच्या लँकेनस्पेर्गरने त्यावर जुळणी काढली. १८१८ साली इंग्लंडात पेटंट घेतलं ते त्याच्या एजंटाने, अ‍ॅकरमनने. आज नाव एजंटाचंच चालतं (आपल्या कन्सल्टिंगसारखंच!). सरळ रस्त्यावर तीच फरफट होते ती 'टो' बिघडल्यावर: चाकं पुढून फाकलेली असली की रबर सतत घासतं. लोक दोष देतात कॅम्बरला, म्हणजे आत कललेल्या माथ्याला. पण वळणावरची पकड त्यानेच मिळते. म्हणून नवे टायर टाकताना कॅम्बर तसाच ठेवला, टो तेवढा सुधारून घेतला.