गाठीवरचा मार्का

1820च्या सुमारास वऱ्हाडातल्या खामगावात व्यापाऱ्यांनी तूप, सूत आणि कापसाची दुकानं थाटली आणि पन्नास वर्षांत आगगाडी त्यांच्या दारात आली. जलंब ते खामगाव हा फाटा 1870 मध्ये सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाण्यात ते आलं 1905 मध्ये.

त्याआधी, 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाचे भाव कडाडले. भेसळीलाही ऊत आला. रुईत सरकी आणि माती मिसळायची, वजन वाढवायला पाणी मारायचं, लांब धाग्याच्या मालात आखूड धाग्याचा माल दडवायचा. कापसाची गाठ प्रेसमध्ये एकदा दाबून आवळली की आतलं काही दिसत नसे. ती फुटायची थेट विलायतेत, एखाद्या गिरणीच्या आवारात. तोवर माल शेतकरी, दलाल, अडत्या, प्रेसवाला आणि मुंबईचा निर्यातदार इतक्या हातांतून गेलेला असे. धरायचं कोणाला?

मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा केला. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे असला तरी इथला कापूस मुंबई बंदरातूनच बाहेर जाई. नेमका माग काढण्याची सोय मात्र पुढे 1925च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने झाली. प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक बंधनकारक झाला, आणि प्रेसच्या वहीत ती गाठ कोणासाठी दाबली त्याचं नाव. माल खराब निघाला की आकडा पाहायचा, वही उघडायची.

दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या दोषाच्या जोरावर लुबाडण्याचा धंदा आमच्या काळात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाने उभा राहिला. फोन येतो, पलीकडचा माणूस मायक्रोसॉफ्टचा म्हणवतो आणि कॉम्प्युटरवर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांगच दिसते. अशा किरकोळ नोंदी धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, पण समोरच्या आजोबांना तो व्हायरस वाटतो. मग ते कॉम्प्युटरचा ताबा देतात आणि पैसेही. मायक्रोसॉफ्ट आपणहून कोणाला असा फोन करत नाही आणि त्यांच्या बिघाडाच्या सूचनेत (एरर मेसेजमध्ये) फोन नंबर नसतो, एवढं ठाऊक असलं तरी हा डाव तिथेच ओळखता येतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर 2012 मध्ये अशा टोळ्यांवर सहा खटले भरले. त्यातले बहुतेक फोन भारतातून जात होते. आरोपींनी 80 डोमेन नावं आणि 130 फोन नंबर वापरले होते. त्यांची कार्यालयं म्हणजे नुसते टपाल पुढे पाठवणारे पत्ते होते. गाठीवर मार्काच नव्हता, म्हणून तपास डोमेनची नोंदणी, फोनची नोंद आणि पैशाची वाट अशा धाग्यांनी पुढे नेणं भाग होतं.

महाराष्ट्रातही हे लोण आलं. मीरा रोडला ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी एका रात्रीत कॉल सेंटरांतले सातशेहून अधिक कर्मचारी ताब्यात घेतले. तिथून अमेरिकनांना कर खात्याच्या नावाने धमकावलं जाई. सूत्रधार दुबईला निसटला आणि एप्रिल 2017 मध्ये मुंबई विमानतळावर पकडला गेला. फोन करणाऱ्यांत नुकतीच नोकरीला लागलेली तरुण पोरं पुष्कळ होती. त्यांना गजाआड करून धंदा थांबत नाही, मालकापर्यंत पोचावंच लागतं.

ऑगस्ट 2025 मध्ये सीबीआयने इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये भाड्याच्या जागेवर छापा घातला. ॲमेझॉनची मदतसेवा असल्याचं भासवून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना गंडवणारे 62 कर्मचारी तिथे काम करताना सापडले. पैसा गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टोतून फिरत होता. गुन्हा मात्र केवळ चालकांवर नोंदवलेला नाही: त्यात अज्ञात बँक अधिकारीही आरोपी आहेत.