घरट्यापासून लांब

पक्ष्यांच्या छायाचित्रांची जुनी पुस्तकं मी वर्षानुवर्षं जमवत आले आहे. १९५०च्या आधीची कुठलीही दोन-चार चाळली तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. जवळजवळ प्रत्येक पक्षी घरट्यावर आहे. चोचीत अळी आणि खाली वासलेल्या चोची, नाहीतर अंड्यांवर बसलेली मादी. भक्ष्यावर झेपावणारा किंवा माळावर नुसताच चालणारा पक्षी शोधावा लागतो. त्या काळच्या छायाचित्रकारांची आवडच तशी होती असं मला वाटत नाही. लांबचं टिपणारी, तरीही पुरेसा उजेड आत घेणारी लेन्स त्यांच्याकडे नव्हती. पक्षी हमखास परत येईल अशी जागा घरटं हीच, म्हणून कॅमेरा तिथे मांडावा लागे.

हिशेब साधा आहे. लालबुड्या बुलबुल साधारण २० सेंटिमीटरचा. ३५ मिमीच्या फिल्मवर त्याची प्रतिमा ६ मिलिमीटरची यायला हवी असेल, तर ५० मिमीची लेन्स घेऊन त्याच्यापासून पावणेदोन मीटरच्या आत जावं लागतं. ६०० मिमीची लेन्स असेल तर २० मीटरवर थांबता येतं. निसर्ग-छायाचित्रणातल्या लेन्सचा इतिहास मी या अठरा मीटरांचा इतिहास म्हणून वाचते.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२मध्ये पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला. १८९५मध्ये त्यांचं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं, सगळीच्या सगळी चित्रं म्हणजे फोटो. जवळ जाण्यासाठी त्यांनी काय काय केलं! बैलाचं कातडं लाकडी सांगाड्यावर चढवून आत माणूस आणि कॅमेरा मावेल असं लपण तयार केलं आणि ते कुरणात नेऊन उभं केलं. त्या बैलाच्या पोटात तासन्‌तास वाकून उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

टेलिफोटो लेन्स तोवर निघाली नव्हती असं नाही. १८९१मध्ये इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत मीटे व स्टाइनहाइल यांनी जवळपास एकाच वेळी ती शोधली. पुढे प्रकाश गोळा करणारा भिंगांचा गट आणि मागे किरण पसरवणारा गट, या जोडणीमुळे नळी आखूड राहूनही प्रतिमा मोठी मिळे. पण मागच्या गटानं प्रतिमा तिप्पट केली की उजेड नवव्या हिश्शावर येई, आणि पुढच्या भिंगातले दोषही तिपटीनं मोठे दिसत. त्या काळच्या मंद प्लेटांवर डोंगर आणि इमारती निघत. शेपटी हलवणारा पक्षी निघत नसे.

भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वेगळीच वाट काढली. जनावरांच्या पायवाटेवर तार, तारेला कॅमेरा आणि फ्लॅश जोडलेला. रात्री वाघ तारेला अडखळला की त्याचा फोटो त्यानंच काढलेला असे. १९२७मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बंदूक ठेवून कॅमेरा घ्या, असं सांगणाऱ्या इथल्या पहिल्या लोकांपैकी ते एक. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोक वान थो दुसऱ्या महायुद्धात मुंबईत आले, पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचे स्नेही झाले आणि त्यांच्याबरोबर कच्छमध्ये हिंडले. १९५७मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकातले देखणे फोटो पाहतानाही लपण आणि घरटं हीच जोडी पुन्हा पुन्हा समोर येते.

घरट्याजवळचं लपण नीट लावलं, हळूहळू पुढे सरकवलं, तर पक्षी ते स्वीकारतात. जुन्या जाणत्यांना ते शास्त्र येत होतं. पण आपल्या माळावरची टिटवी पाहा. उघड्या खड्यांत अंडी. एप्रिल-मेच्या दुपारी ती अंडी उबवत नसते. अंगाची सावली धरून ती थंड ठेवत असते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. माणूस जवळ रेंगाळला की ती उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. फोटो किती चांगला आला याला तिथे काहीच किंमत नाही. आज अनेक स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. हे मला मनापासून पटतं.

मोठा बदल १९५०च्या दशकात जर्मनीतल्या नोव्होफ्लेक्सनं आणला. ४०० मिमीची हलकी लेन्स, खाली पिस्तुलासारखी मूठ. मूठ आवळली की फोकस बदलतो. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवता येऊ लागला. मग दुसरी अडचण सुटली. फोकल लेंग्थ वाढली की तांबडा आणि निळा प्रकाश एका जागी मिळत नाही, कडांना रंगीत झालर येते. ती घालवण्यासाठी फ्लोराइट स्फटिक वापरलेली कॅननची ३०० मिमी लेन्स १९६९ची. उन्हात हे स्फटिक तापून प्रसरण पावतात, म्हणून पुढच्या मोठ्या लेन्सना पांढरा रंग आला.

तरी हात हलायचाच. ६४ एएसएची कोडाक्रोम फिल्म आणि एफ ५.६ असेल, तर लख्ख उन्हात १/५०० सेकंद मिळे. सकाळच्या सावलीत १/३०. ४०० मिमीची लेन्स हातात धरून १/४००च्या खाली जाऊ नये, हा जुना नियम. म्हणून ट्रायपॉड, म्हणून मोठं भिंग, म्हणून वजन. १९९५मध्ये कॅननच्या एका झूममध्ये कंपनरोधक भिंगं आली, १९९९मध्ये ती मोठ्या टेलिफोटोंत बसली. आमच्याकडे १९९१च्या उदारीकरणाआधी अशा वस्तू आखातातला किंवा अमेरिकेतला नातेवाईक आणेल तेव्हा यायच्या. मद्रासचे एम. कृष्णन यांनी तर भाग जुळवून स्वतःची उपकरणं बनवली आणि हत्तींचे अप्रतिम कृष्णधवल फोटो काढले.

कोणती लेन्स घेऊ, असं मुलं विचारतात तेव्हा मी आधी विचारते, कुठे जाणार? भिगवणला नावेत ट्रायपॉड निरुपयोगी. तिथे २०१३-१४पासून आलेल्या दोन किलोंच्या १५०-६०० झूम उत्तम. रोहित पक्षी जवळ आले तर मागेही सरकता येतं. ताडोबात वाघ जिप्सीच्या अगदी जवळून जातो आणि बहुधा कमी उजेडात, तिथे ६०० मिमीपेक्षा ३०० एफ २.८ कामी येते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मात्र लांबीच हवी. कॅननची एफ ४ची ६०० मिमी १९९९मध्ये ५.३६ किलोंची होती, २०१८मध्ये ३.०५ किलोंवर आली. पण किंमत ऐकून पोरं गप्प होतात, आणि तिची गरजही नसते. जुनी ३०० एफ ४ आणि १.४चा कन्व्हर्टर घेतला की ४२० मिमी, एफ ५.६ मिळते. गाडीच्या खिडकीवर बीन बॅग ठेवायची, इंजिन बंद करायचं आणि उन्हं चढायच्या आत काम उरकायचं. दहानंतर माळावरची हवा तापून लहरू लागते. मग हजार मिमीची लेन्ससुद्धा धाविक पक्ष्याचं पीस स्पष्ट दाखवू शकत नाही, आणि तेव्हा जवळ जायचा मोह होतो. त्या वेळी गाडी सुरू करून घरी निघावं.